शुक्रवारचा तांबडा अंगठा

१

डब्यात सहा पत्रं हवी होती. निघाली पाच.

डॉक्टर लादिस्लावनी डबा उलटा केला, बुडावर दोनदा थापटला, आत हात फिरवला. खरं तर ते वकील, पण सगळं गाव त्यांना डॉक्टरच म्हणायचं, आणि मुक्ती मंडळाचे अध्यक्षही तेच. लापिन्या वस्तीतल्या मांडवात दोनशे माणसं उभी होती. मघापर्यंत नुसता कालवा चालला होता, आता बाहेर बँडवाल्यानं तुतारी पुसली तरी ऐकू येईल अशी गत.

"रोमानाचं पत्र नाहीये," डॉक्टर म्हणाले.

धोबीण झुल्मिरा गर्दी सारत पुढे आली. रोमाना म्हणजे तिची आई.

ते पत्र सुटकेचं होतं. मालकिणीच्या सहीचं, लाल लाखेच्या मोहरेचं. ही बाई आता कुणाच्या मालकीची नाही, एवढंच त्यात लिहिलेलं. बाजारातल्या बायांनी चार वर्षं पोटाला चिमटा काढून सहा जणांची अशी पत्रं सोडवली होती. दर वर्षी दोन जुलैला, पोर्तुगिजांच्या फौजेला बाहियातून हाकललं त्या दिवशी, काबोक्लोचा, म्हणजे मूळनिवासी वीराच्या पुतळ्याचा, रथ मोठ्या चौकात पोचला की त्याच्या पायाशी ही पत्रं वाटायची, असा रिवाज. झुल्मिराला तिच्या धर्ममातेनं बाप्तिस्म्यालाच सोडवून घेतलं होतं. आई मात्र राहिली होती. गेली सोळा वर्षं.

"मग दुसरं लिहून घ्या की," मागून कुणीतरी म्हणालं.

"कुणाकडून? मालकीण दोना पेर्पेतुआ रविवारीच वारल्या."

"आणि आत्याच्या मागे वारस मी," दारातून आवाज आला.

नोर्बेर्तो. बरोबर दोन दांडगे गडी आणि त्या दोघांच्या मध्ये रोमाना. पांढरा घागरा नेसलेली, केसात फूल, बिचारी नटून आली होती.

"साडेबाराला सांतोसची बोट सुटते," नोर्बेर्तो म्हणाला. "तिकडे कॉफीच्या मळ्यांवर बाया हव्यात. पत्र असेल तर दाखवा, मी टोपी काढून परत जातो."

"रथ चौकात पोचेपर्यंत थांबा," डॉक्टर म्हणाले. "एवढी तरी माणुसकी ठेवा."

"थांबतो. मीसुद्धा सणाला आलोय. तोवर तुम्ही जा, काबोक्लोच्या पायाशी रडा."

ज्याचं कुठेच काही होणार नाही त्याला गावात असंच म्हणायचे. झुल्मिरा त्याच्या अंगावरच धावली असती, पण तेवढ्यात मंडळाचे चिटणीस एवारिस्तो पुढे झाले. डब्यात अंथरलेलं पांढरं कापड त्यांनी दोन बोटांत धरून वर केलं.

"डॉक्टर, हे बघा."

कापडावर मधोमध एक तांबडा ओला अंगठा उमटला होता.

"ताडतेल आहे," एवारिस्तो म्हणाले. "आणि इथं ताडतेलात हात घालून बसणारी बाई एकच."

सगळ्या माना एकदम कुस्तोदिया मावशीकडे वळल्या.

२

कुस्तोदिया मावशी सान्तो आन्तोनियोच्या कोपऱ्यावर चवळीचे वडे तळायची. कढईत तांबडं ताडतेल, हातात लांब झारा, दोन्ही हातांत कोपरापर्यंत बांगड्या. पत्रांसाठी बायांना गोळा करणारी हीच. आणि तिनंच पत्र चोरलं?

झुल्मिराच्या डोक्यात आग गेली ती गेलीच. कारण ते कापड तिचं होतं. काल तिनं स्वतः धुतलं होतं, खळ घालून आरशासारखं इस्त्री केलं होतं. आज पहाटे सलामीच्या बारांना डॉक्टरांनी सगळ्यांसमोर सहा पत्रं मोजून त्याच कापडावर ठेवली, तेव्हा त्याच्यावर डाग सोडा, सुरकुतीही नव्हती.

तिनं मावशीचे दोन्ही हात धरले. "मावशी, कुठंय माझ्या आईचं पत्र?"

मावशी आरडाओरडा करणारी बाई नव्हे. तिनं झुल्मिराकडे नुसतं पाहिलं.

"हात धरलेसच आहेत, तर वास घे."

"काय?"

"वास घे म्हणते. आणि आज वार कोणता ते आठव."

"कोडी घालू नको मावशी, सरळ सांग."

"सरळ सांगायची गोष्ट नाही ती. या साहेबलोकांपुढे तर नाहीच."

एवारिस्तो हसले. "बघा, उत्तरच नाही. डब्याच्या कुलपाला काय, केसातला काटा पुरे. मी आणि पहाऱ्यावरचा म्हातारा सोडून रथाजवळ ही एकटीच आली होती, नैवेद्य घेऊन. चौकात पोलीस आहेत, तिथं देऊ ताब्यात."

नोर्बेर्तोच्या एका गड्यानं मावशीचा दंड धरला. तिच्या डोक्यावरची पाटी कलंडली आणि त्यातलं सगळं जमिनीवर सांडलं. केळीच्या पानात बांधलेल्या मक्याच्या पांढऱ्या वड्या. खोबऱ्याच्या वड्या. बाहेर बँड सुरू झाला आणि रथ ओढायच्या दोरीवर हात पडले.

रथ निघाला. चौक दीड तासावर होता.

३

झुल्मिरा गर्दीतून कोपरं मारत एवारिस्तोंच्या शेजारी गेली. रथावर काबोक्लो भाला उगारून उभा, पायाखाली साप, भोवती हिरवी-पिवळी पानं, आणि मागून-पुढून नुसती माणसंच माणसं.

"साहेब, एक विचारू?"

"आईसाठी वाईट वाटतं मला, पोरी."

"ते नाही. पत्र दोन आठवडे तुमच्याकडे होतं. कचेरीच्या वहीत नोंद झाली असती तर आज कागद हरवून काही बिघडलं नसतं. का नाही केली?"

एवारिस्तोंनी मान वळवली. "कचेरीत सणाची गर्दी. सोमवारी करणारच होतो. आणि तू कोण मला विचारणारी? माझे कपडे धुतेस ना तू?"

"धुते, आणि इस्त्रीपण करते. हा शर्ट कालच दिलाय तुम्हाला."

बोलता बोलता तिची नजर शर्टावर गेली आणि तिचं डोकं आणखी फिरलं. सगळ्या सोतेरो वस्तीच्या पायऱ्यांवर तिच्या खळीचं नाव होतं. कसाव्याच्या कंदाची खळ, वर मेणाचा हात, मग जड इस्त्री. शर्टाची छाती अशी व्हायची की वर दाणे टाकले तर खाली घरंगळावेत. आणि या माणसानं तिसऱ्या बटनापाशी तिला पोक आणलं होतं.

"शर्ट घातलाय कसा तुम्ही? छातीला कुबड आलंय."

"जाड झालो असेन."

"एका रात्रीत?"

"तोंड सांभाळ. माझ्या डोक्याला आज कमी ताप नाहीये. शुक्रवार म्हणून पहाटेच मासळी ताडतेलात शिजवायला सांगून आलोय, चार पाहुणे जेवायला, आणि इथं हा गोंधळ." त्यांनी घड्याळ काढून पाहिलं. "चौकातलं उरकलं की मला लगेच बंदरावर जायचंय."

"बंदरावर? पाहुणे तर घरी येणार."

एवारिस्तोंनी घड्याळ घाईनं खिशात टाकलं. मग जरा जास्तच मोठ्यानं हसले आणि चालायला लागले.

४

पहाटे सहा ते आठ डब्याजवळ पहाऱ्याला होते अन्सेल्मो आजोबा. वीस वर्षांचे असताना पोर्तुगिजांशी लढलेले. पहिली दोरी त्यांची, गेली सत्तावन्न वर्षं.

झुल्मिरा दोरीला हात लावून त्यांच्या बाजूनं चालू लागली.

"आजोबा, डबा कुणी उघडला?"

"कुणी नाही."

"म्हणजे पत्र उडून गेलं?"

"मला काय ठाऊक? मी पाहिलं नाही कुणाला."

तिनं त्यांच्या छातीकडे बघितलं. लढाईचं पदक. दर वर्षी आजोबा ते चुना लावून चमकवायचे. आज ते उलटं टोचलं होतं, पाठ बाहेर.

तिनं गुपचूप तीन बोटं त्यांच्या तोंडापुढे धरली. "किती?"

आजोबांची पावलं चुकली. दोरी सैल पडली आणि मागचा ओरडला, "अहो, ओढा की."

"हळू बोल," आजोबा पुटपुटले. "डावा डोळा आधीच गेलेला. उजवा नाताळपासून. कळलं असतं तर दोरी काढून घेतली असती माझी. मग मी काय करायचं, पायरीवर बसून बँड ऐकायचा?"

"माझ्या आईला बोटीवर घालतायत आजोबा."

म्हाताऱ्यानं दोरी खांद्यावर घेतली. चढ लागला होता, गळ्याच्या शिरा टरारल्या होत्या.

"लढाई संपली तेव्हा मला माझा कागद मिळाला," शेवटी ते म्हणाले. "देश सुटला, मी सुटलो. माझ्या बायकोचा कागद आलाच नाही. तिला वरच्या मळ्यावर नेली. मीसुद्धा तेव्हा गप्पच बसलो होतो." त्यांनी घसा साफ केला. "ऐक. डब्याची बिजागरी वाजली. मी विचारलं, कोण? उत्तर नाही. मग आवाज आला, सुक्या पानावर पाय पडल्यासारखा. कर्र, कर्र. दोनदा. आणि ताडतेलाचा वास. मला वाटलं कुस्तोदिया असेल. तेल म्हटलं की तीच, नाही का?"

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"कारण बांगड्या वाजल्या नाहीत. ती नुसती मान वळवते तरी देवळातली घंटा हलल्यासारखं होतं. वाजल्या त्या नंतर, ती नैवेद्य घेऊन आली तेव्हा. आणि तेव्हा तेलाचा वास नव्हता. नुसतं खोबरं."

झुल्मिरा चालता चालता थांबली. मागून येणारा तिच्यावर आदळला, शिवी देऊन पुढे गेला.

तिनं आपले तळहात नाकाशी नेले. सकाळी याच हातांनी मावशीचे हात धरले होते. अजून वास येत होता. खोबऱ्याचा.

५

शुक्रवार.

तिला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. मावशी ओशालाची लेक. आफ्रिकेतून आलेल्या पांढऱ्या देवाची, त्याला वाहिलेली. गुरुवारी दिवे लागले की ती कढई घासून पालथी घालायची, अंगावरून पाणी घ्यायची, आणि शनिवार उजाडेपर्यंत ताडतेलाला बोट लावायची नाही. पांढरं नेसायचं, पांढरंच खायचं. शुक्रवारी तिच्या पाटीवर वडे नसतात, हे त्या कोपऱ्यावरच्या कुत्र्यालाही माहीत.

एवारिस्तोंना माहीत नव्हतं. कसं असेल? शुक्रवारी ते बाहेरचं खायचेच नाहीत. त्यांच्यासारख्यांच्या घरात येशूच्या नावानं शुक्रवारी मटण बंद, मासळीचा बेत, आणि मासळी म्हटली की ताडतेल. सगळ्या आठवड्यात त्यांच्या चुलीवर सगळ्यात जास्त तेल त्याच दिवशी. आपल्याकडे आज तेल, तर वडेवालीकडे असणारच, असं धरून चालला तो माणूस.

आणि तो सुक्या पानाचा आवाज. तिच्या खळीसारखी करकर गावात कुठल्याच शर्टाची होत नव्हती. पत्र कुठंय ते कळलं होतं. फाडून का नाही टाकलं, तेही कळलं होतं. नोर्बेर्तो तोंडाच्या शब्दावर थोडाच गप्प बसणार; पत्र हातात पडल्याशिवाय तो काही देणार नाही. ते द्यायलाच साहेब बंदरावर निघाले होते.

पण एका धोबिणीनं चिटणीसांच्या अंगाला हात लावायचा? तिलाच आधी पोलीस धरतील.

ती गर्दी कापत मावशीपाशी पोचली. मावशीच्या दंडावर गड्याचा हात होताच.

"मावशी, माफ कर."

"वास घेतलास?"

"घेतला. आता तुला रडायला लागेल. चौकात, मोठ्यानं, साहेबांच्या गळ्यात पडून."

"मी? त्या माणसाच्या गळ्यात?" मावशीनं नाक मुरडलं. मग झुल्मिराच्या डोळ्यांत नीट पाहिलं. "घट्ट मिठी मारू की सैल?"

"बांगड्या फुटतील इतकी."

पुढे गर्दीनं एकच गलका केला. रथ चौकात शिरला होता. आणि रथापुढे, रोमानाचा दंड धरून, नोर्बेर्तो घड्याळाकडे बघत उभा होता.

६

डॉक्टरांनी पाच नावं वाचली. पाच जणांनी पाच पत्रं घेतली. एकाला तर चालताच येईना, त्याला उचलून नेला. मग डॉक्टर थांबले. सगळा चौक थांबला.

"सहावं?" नोर्बेर्तोनं विचारलं. "नाही ना? चल रोमाना."

तेवढ्यात कुस्तोदिया मावशीनं गळा काढला. असा काढला की गड्यानं घाबरून हातच सोडला. ती थेट रथापाशीच्या पायऱ्या चढून एवारिस्तोंच्या छातीवर कोसळली.

"साहेब, माझे मायबाप, मला पोलिसात देऊ नका हो."

आणि तिनं मिठी मारली. बांगड्या खणखणल्या. आणि त्या खणखणाटातून, अगदी स्पष्ट, कर्र, कर्र.

"हाच," रथाच्या दोरीजवळून अन्सेल्मो आजोबा म्हणाले. "हाच तो आवाज. डब्यापाशी मी हाच ऐकला."

"काय बडबडतोय म्हातारा?" एवारिस्तोंनी मावशीला ढकललं. शर्टाची छाती आता पार वाकडी झाली होती.

झुल्मिरा पायरीवर चढली. खालून तिनं मान लववली, अगदी कपडे पोचवायला आल्यासारखी.

"डॉक्टरसाहेब, एक विनंती. हा शर्ट माझ्या हातचा. सगळं गाव बघतंय आणि छातीला हे कुबड. माझं नाव जातं. जरा सरळ करू?"

लोक हसले. डॉक्टरही हसले. "कर बाई, त्यात काय."

"नको," एवारिस्तो म्हणाले. दोन्ही हात त्यांनी छातीशी घेतले. "अंगाला हात लावू नकोस."

हसू विरत गेलं. डॉक्टरांच्या भुवया वर चढल्या.

"एवारिस्तो, शर्टच सरळ करतेय ती. हात काढा."

"डॉक्टर, ही धोबीण..."

"हात काढा."

झुल्मिरानं तिसरं बटन काढलं. तिच्या इस्त्रीची कडक छाती फळीसारखी उघडली आणि आतून चौघडी केलेला कागद घसरून पायरीवर पडला. लाल लाखेची मोहोर वर.

मग एकदम सगळेच बोलायला लागले.

"हे या पोरीनं टाकलं," एवारिस्तो ओरडले. "तेलाचा अंगठा तुम्ही सगळ्यांनी बघितलाय. तेलात हात वडेवालीचेच."

"आज कोणते वडे, साहेब?" झुल्मिरा म्हणाली. "पाटी सगळ्यांसमोर सांडली. एक तरी वडा होता?" ती मावशीकडे वळली आणि गप्प झाली. पुढचं तिनं सांगायचं नव्हतं. ज्या घरात तो देव होता त्या घराची दारं पोलीस फोडायचे, आणि चौकात पोलीस उभे होते.

मावशीनं डोळे पुसले. ते मुळात ओले नव्हतेच.

"आज शुक्रवार," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "मी ओशालाची. शुक्रवारी मी ताडतेलाला शिवत नाही, मेले तरी नाही. आता न्यायचं तर न्या मला त्यासाठी."

गर्दीतल्या पांढऱ्या घागऱ्यांतून एक गुणगुण उठली. एक बाई पुढे आली, मग चार, मग मोजता येईनात. सगळ्या मावशीच्या भोवती उभ्या राहिल्या. पोलिसांनी एकमेकांकडे बघितलं आणि आपापल्या बुटांकडे बघत राहिले.

"आणि यांच्या चुलीवर आज पहाटेपासून ताडतेल," झुल्मिरा म्हणाली. "मासळीसाठी. मला स्वतःच सांगितलंय. नोंद यांनीच लांबवली. बंदरावर हेच निघाले होते. डॉक्टरसाहेब, खिशात बघा, घरून आणलेल्या तेलाची पुडी असेल. टाकायला गर्दीत जागा कुठं मिळाली त्यांना?"

डॉक्टरांनी कोटाच्या खिशात हात घातला. बाहेर आली ती केळीच्या पानाची चुरगळलेली पुडी. डॉक्टरांची बोटं तांबडी झाली.

एवारिस्तो मटकन रथाच्या चाकाशी बसले. "त्यानं सांगितलं होतं," नोर्बेर्तोकडे बोट दाखवून ते म्हणाले आणि खरोखरच रडायला लागले.

"योग्य जागा शोधलीत साहेब," अन्सेल्मो आजोबा म्हणाले. "काबोक्लोचे पाय तिथंच आहेत."

रोमानाचा दंड सोडून नोर्बेर्तो गर्दीत कधीच पसार झाला होता. त्याचे गडी तर त्याच्याही आधी पळाले होते.

डॉक्टरांनी पत्र उचललं, मोठ्यानं वाचलं. सगळं वाचलं, तारखेसकट. मग रोमानाच्या हातात दिलं. रोमानाला वाचता येत नव्हतं. तिनं मोहरेवरून बोट फिरवलं, मग कडेवरून, मग परत मोहरेवरून.

"पार चुरगळलंय," झुल्मिरा म्हणाली. "आण इकडे, घरी नेऊन हलकी इस्त्री फिरवते."

"हात लाव तर खरं," रोमाना म्हणाली आणि पत्र चोळीत खोचलं.

खालून बंदरावरून बोटीची शिट्टी आली. लांब, जाड. साडेबारा. रोमाना जागच्या जागी थिजली. तिचे डोळे आपोआप उताराकडे गेले. सोळा वर्षांची सवय, हाक आली की जायचं. झुल्मिरानं तिचा हात धरला नाही, नुसती शेजारी उभी राहिली.

शिट्टी थांबली. बोट गेली.

रोमानानं इतकी वर्षं दोन जुलैचा बँड फक्त दोना पेर्पेतुआच्या स्वयंपाकघराच्या भिंतीआडून ऐकला होता. ती रथाशी गेली. अन्सेल्मो आजोबांच्या हाताशेजारी दोरी चाचपून घट्ट धरली.

"कोण?" आजोबांनी विचारलं.

"रोमाना."

"जोर आहे का हातात?"

"तुम्ही ओढा तर आजोबा," रोमाना म्हणाली. "मग बघू कोण दमतं."